खालच्या झिऱ्यांवरून गेलेली वाट

शांताराम गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितली. मी चौथीच्या मुलांना शुद्धलेखन घालत होते. दुपारची दौंडकडे जाणारी गाडी आमच्या शाळेवरून जाते, पण थांबत नाही. त्या दिवशी थांबली. इंजिन तसंच धडधडत राहिलं आणि कंडक्टर टोपी हातात घेऊन वर्गाच्या दाराशी आला. "बाई, काष्टीच्या स्टँडवर पुण्याहून फोन आलता," एवढं बोलून तो मुलांकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुमचा भाऊ… तुमी याच गाडीत बसा. आमी थांबतो." कावीळ अंगात मुरली आहे हे मला ठाऊक होतं, आदल्या रविवारीच त्याला पुण्याच्या दवाखान्यात बघून आले होते. तरी चाळिशीतला धडधाकट माणूस असा जाईल असं मनातही आलं नव्हतं. मी गाडीत चढले तशी बाजारातून परतणारी माणसं बोलायची थांबली. खिडकीजवळच्या एका म्हाताऱ्यानं उठून जागा दिली. पुण्याला पोचेपर्यंत मी हातातला खडू तसाच धरून बसले होते, हे सुशीलानं, माझ्या भावजयीनं, तो काढून घेतला तेव्हा मला कळलं.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. मध्यंतरी आमच्या गावानं, म्हणजे माझ्या सासरच्या गावानं, चावडीपुढं त्याच्यासाठी शोकसभा घेतली. तो या गावचा नव्हता, तरी घेतली. चार माणसं त्याच्याविषयी चांगलं बोलली आणि मी बायकांच्या बाजूला मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख तर होतंच. पण मान खाली गेली होती ती लाजेनं, आणि ती लाज कशाची, हे सांगितल्याशिवाय मला शांतारामबद्दल काही लिहिता येईलसं वाटत नाही. त्यालाही ते आवडलं नसतं.

तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमचं माहेर सुप्याजवळ, पुणे-नगर रस्त्याला लागून. डिप्लोमा करून तो काही वर्षं सरकारी बांधकाम खात्यात होता. तिथं त्याचं मन रमलं नाही. सत्तरच्या सुमाराला मुंबईतल्या एका परदेशी कंपनीत लागला, घर मात्र पुण्यात केलं. कारखान्यांची अवजड यंत्रं परदेशातल्या बंदरातून उचलायची आणि इथं कारखान्याच्या पायावर नेऊन ठेवायची, हे त्या कंपनीचं काम. शांताराम तिथं प्लॅनर होता. प्लॅनर म्हणजे काय, हे त्याला प्रत्येक घरी समजावून सांगावं लागे. आमचे चुलत सासरे, आण्णा, गावचे सरपंच आहेत; त्यांनी ही नोकरी लागल्यावरच्या पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "म्हंजी तुमी ट्रक चालवता?"

"नाही, आण्णा."

"मग मशीन बसवता?"

"तेही नाही. मशीन कोणत्या वाटेनं न्यायचं ते ठरवतो."

आण्णा बराच वेळ विचार करत बसले आणि म्हणाले, "वाट काय, रस्ता जाईल तिकडं जायाचं." त्यावर शांताराम इतका मनापासून हसला की आण्णाही हसले.

त्याला त्याच्या कामाचं फार वेड होतं. यंत्राची जेवढी उंची असेल तेवढा बांबू जीपवर उभा बांधायचा आणि सगळ्या रस्त्यानं सावकाश जायचं. बांबू कुठं तारेला लागला, कुठं वडाच्या फांदीला लागला, की तिथं उतरायचं, बघायचं, माणसांशी बोलायचं. कोणता पूल वजन घेईल, कोणत्या वळणावर लांब गाडी अडकेल, कोणत्या गावात आठवड्याचा बाजार रस्त्यावरच भरतो, सगळं त्याला आधी माहीत करून घ्यावं लागे. "अक्का," तो मला म्हणायचा, "तिकडं जहाज बंदरातून निघायच्या आधी मला इथली बाभूळ कुठं वाकलीय ते ठाऊक पाहिजे." हे सांगताना त्याचा चेहरा फुलून यायचा. सातासमुद्रापलीकडची एखादी वस्तू नगर जिल्ह्यातल्या एका उघड्या माळावर नेमकी येऊन उभी राहते आणि मधली सगळी वाट आपण जुळवलेली असते, याचा त्याला अभिमान होता. मलाही होता. शाळेत नकाशा शिकवताना मी मुलांना माझ्या भावाचं काम सांगायची.

मग दुष्काळ आला. बहात्तरचा पाऊस आमच्याकडं पडलाच नाही. त्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. आमच्या गावापुरतं सांगायचं तर दिवाळीनंतर विहिरी आटल्या आणि सगळं गाव नदीत उतरलं. नदीत पाणी नव्हतं, पण वाळूत झिरे होते. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. तळाशी पाझर साचतो, तो वाटीवाटीनं हंड्यात भरायचा, मग पुन्हा साचेपर्यंत बसून राहायचं. गावाचे झिरे वरच्या अंगाला, जुन्या दगडी पुलाच्या जवळ. खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती आहे, तिचे झिरे खाली. मधे नदीच्या पोटातून वर आलेला काळा खडक. गाव त्या वस्तीला अजून जुन्याच नावानं हाक मारतं. ते मी इथं लिहिणार नाही. खडकाच्या वर एक पाणी आणि खडकाच्या खाली दुसरं, असं कुणी ठरवलं होतं हे कुणी सांगू शकलं नसतं. ते तसंच होतं.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी शांतारामला आमच्या बाजूचं काम मिळालं. पलीकडच्या तालुक्यात साखर कारखाना उभा राहत होता, त्याच्या बॉयलरचा मोठा ड्रम परदेशातून यायचा होता. तो ज्या वाटेनं न्यायचा त्या वाटेवर आमचं गाव. शांताराम सर्व्हेला आला तो थेट आमच्याच घरी उतरला. मी नुकती नदीवरून आले होते. त्याला तांब्या दिला, गूळ दिला. पाणी पिता पिता तो म्हणाला, "पुलावरून काही जाता येणार नाही, अक्का. नदीतूनच न्यावं लागेल. यंदा नदी कोरडी आहे ते एक बरं झालं."

माझं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं आणि वाळूनं भरलेलं होतं. त्याचं लक्ष तिकडं गेलं असावं. त्यानं तांब्या खाली ठेवला, आणि उरलेलं पाणी तो प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला नदीवर नेलं आणि दोन्हीकडचे झिरे दाखवले. तो खडकावर उभा राहून दोन्ही तीर बघत होता. लांब गाडीला वळता येत नाही, तिला सरळ उतरून सरळ चढावं लागतं, हे त्यानंच मला सांगितलं होतं. अशा सरळ वाटा तिथं दोनच निघत होत्या. एक वरून, गावाच्या झिऱ्यांवरून. दुसरी खालून. मधे खडक. खाली बायका पाणी भरत होत्या, त्यातली हौसाबाई माझ्या ओळखीची. वयानं माझ्याएवढीच, उंच, काटक. तिचा मुलगा माझ्या हाताखाली शिकून पुढं नगरला बोर्डिंगात गेला होता. तिनं वर बघून विचारलं, "कोन पाव्हनं, बाई?"

"माझा भाऊ," मी म्हटलं.

"पानी द्या की त्यास्नी, उन्हात हुबं ऱ्हायल्यात," ती म्हणाली.

शांताराम पुण्याला गेला आणि पंधरवड्यानं कंत्राटदाराची माणसं आली. खालच्या अंगाला चुन्याच्या रेषा पडल्या, तेव्हा मला कळलं. तो त्या दिवशी साइटवर होता. मी शाळा सुटल्यावर तशीच नदीत गेले. त्याच्याशी बोलले ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण फार थोडे होते.

"तू बघितलंस ना, इथं कोण पाणी भरतं?"

"बघितलं."

"मग?"

"वरून नेलं तर गाव आडवं येईल, अक्का. आण्णांनी मला स्पष्ट सांगितलंय. तिकडं जहाज बंदरात लागलंय. आणि खाली…" त्यानं रुमालानं मान पुसली. "खाली कुणी आडवं येणार नाही."

मग घाईघाईनं म्हणाला, "कंपनीचा टँकर लावतोय मी वस्तीला. पाऊस पडेपर्यंत. झिऱ्यापेक्षा चांगलं पाणी मिळेल त्यांना."

माझा भाऊ वाईट माणूस नव्हता. कुणाचं वाईट करावं म्हणून त्यानं ती रेषा ओढली नाही. तारा कुठं उंच करता येतात, कोणती फांदी तोडू देतात, तसंच त्यानं हेही बघितलं होतं… कुठली माणसं बाजूला सारता येतात. नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ते बघायला जीपवरचा बांबू लागत नाही. ते आम्हा सगळ्यांना आधीपासून दिसतं, आणि दिसतं हेच आम्हाला दिसत नाही.

नदीत दगड आणि मुरूम टाकायला कंत्राटदारानं माणसं घेतली ती खालच्या वस्तीतलीच. दुष्काळात कामाला कोण नाही म्हणणार. हौसाबाई पाट्या वाहत होती. ज्या झिऱ्यातून सकाळी हंडा भरला त्यात तिनं दुपारी पहिली पाटी ओतली. पुढं तिनंच मला हे सांगितलं. "आमच्याच हातानं बुजवलं, बाई," ती म्हणाली. "वाईट वाटलं. पर मुकादम बगत हुता."

ड्रम आला तो दिवस गावात जत्रेसारखा होता. काष्टीहून माणसं आली, शाळा सोडावी लागली. असंख्य चाकांची ती लांब गाडी, पुढं दोन मोठे ट्रक ओढायला, मागं एक रेटायला, आणि वर घराएवढा लोखंडी ड्रम. शांताराम सगळ्यांच्या पुढं, गाडीकडं तोंड करून, दोन हातांत दोन झेंडे घेऊन उलटा चालत होता. शर्ट पाठीला चिकटलेला, डोळे चाकांवर. त्याला तसं कामात मी पहिल्यांदाच बघत होते. कबूल करते, मला माझा भाऊ फार देखणा दिसला. गाडी पलीकडचा चढ चढून रस्त्याला लागली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्रमला हार घातले, नारळ फोडले. खडकावर वस्तीतल्या बायका टँकरची वाट बघत रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. संध्याकाळी आण्णांनी शांतारामला चावडीवर बोलावून शाल दिली.

टँकर आला, नाही असं नाही. ड्रम कारखान्यावर पोचून जागेवर बसेपर्यंत येत राहिला. मग एक दिवस आड आला, मग आलाच नाही. शांतारामला कंपनीनं गुजरातेत दुसऱ्या बंदरावर पाठवलं होतं. इकडचं काम मुंबईच्या साहेबांच्या लेखी संपलं होतं, टँकरही त्याबरोबर संपला. सरकारी टँकरसाठी आमच्या गावाचं नाव नव्हतं, कारण गावाला झिरे होते.

हौसाबाई आणि तिच्याबरोबर चार बायका आमच्या ओसरीखाली येऊन उभ्या राहिल्या. वर या म्हटलं तर आल्या नाहीत. हौसाबाई म्हणाली, "बाई, तुमच्या भावानं आमचं पानी नेलं. आता टँकर बी नेला. त्यास्नी म्हनावं, येकडाव येऊन जावा. आमी काय पेतो ते बगून जावा." तिचा आवाज चढलेला नव्हता. सासूबाई आत चुलीपाशी होत्या, त्यांच्या भांड्यांचा आवाज थांबला. मी त्या बायकांपुढं कोणत्या तोंडानं उभी राहिले ते मला सांगता येत नाही. माझा हंडा भरलेला होता, तो दारातूनच दिसत होता. मी त्यांच्या हंड्यांत तो वाटून ओतला. त्यांनी घेतला, पण ते काही उत्तर नव्हतं, आणि त्यांनीही ते उत्तर मानलं नाही.

शांताराम गुजरातेतून परतल्याचं कळलं तशी मी पुण्याला गेले. तो जेवायला बसत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्याचा घास हातात राहिला. "मला कुणी कळवलं नाही," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच म्हणाला, "मी विचारलंही नाही." सुशीला त्याला जेवून घ्या म्हणत राहिली. तो उठून हात धुऊन आला आणि भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "अक्का, मी आण्णांना विचारलं. कंत्राटदाराला विचारलं. बांधकाम खात्याला विचारलं. त्या बायकांना विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही गं." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो माझ्याबरोबर आला.

वस्तीतल्या गड्यांबरोबर तो पहार घेऊन नदीत उतरला. झिऱ्यांच्या जागचे दगड त्यांनी काढले, मुरूम उपसला, वाळू खणली. त्याच्या तळहातांना फोड आले. पाणी लागलं नाही. एवढं वजन वरून गेल्यानं खालची वाळू दबली होती आणि पाझर कुठंतरी दुसरीकडं वळला होता. आजूबाजूला खणून बघितलं, तिथंही ओल नव्हती. शेवटी हौसाबाईनं त्याच्या हातातली पहार घेतली आणि बाजूला टाकली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आमी उद्या वरच्या झिऱ्यावर जानार हाय. आमचं ठरलंय. तुमी फकस्त संगं चला."

"मी आण्णांशी बोलतो आधी," शांताराम म्हणाला.

"बोलू नका. बोलला तर ते न्हाई म्हनतील. मंग?"

तो आला. सकाळची वेळ, वरच्या झिऱ्यांवर गावातल्या बायका बसलेल्या, मीही त्यांत होते. खडकावरून हौसाबाई आणि मागं वस्तीतल्या सगळ्या बायका हंडे घेऊन आल्या, आणि त्यांच्या एका बाजूला पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला माझा भाऊ. बोलणं थांबलं. कुणीतरी पोरीला वर पिटाळलं आणि बघता बघता काठावर पुरुष जमले. आण्णाही आले. हौसाबाई एका झिऱ्यापाशी येऊन उभी राहिली, पण वाकली नाही.

आण्णा शांतारामला म्हणाले, "पाव्हनं, हे काय चालवलंय?"

शांतारामला सभेत बोलायची सवय नव्हती. तो वाळूकडं बघत म्हणाला, "यांचं पाणी मी बुजवलं, आण्णा. वाट वरून जाऊ शकत होती. मी खालून नेली, कारण मला वाटलं हे लोक काही बोलणार नाहीत. माझी चूक आहे. तुमच्या सगळ्यांसमोर सांगतो. त्यांना इथं भरू द्या."

मला वाटलं, आता आण्णा चिडतील. ते चिडले नाहीत. ते चांगल्या मनानं, घरच्या माणसाची समजूत घालावी तसे बोलले, आणि त्याहून वाईट काही होऊ शकलं नसतं. "आवो, तुमी कशाला चूक म्हनता? तुमी गावाचंच काम केलं. गावाचं पानी राखलं. आमी काय इसरलो व्हय? शाल दिली न्हवं तुमास्नी?"

शांतारामचा चेहरा मी पाहिला. कुणी थोबाडीत मारली असती तरी तो एवढा उतरला नसता. ज्याच्यामुळं त्याला मान वर करवत नव्हती, त्याचंच गाव कौतुक करत होतं. तेवढ्यात हौसाबाई वाकली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. वाटी झिऱ्यात घातली आणि हंडा भरायला लागली. काठावर गलका झाला. दोन तरुण पोरं खाली उतरू लागली तसे आमचे हे, जे चारचौघांत कधी तोंड उघडत नाहीत, त्यांच्या आडवे झाले आणि म्हणाले, "बाया हायत तिथं. मागं व्हा." माझ्या शेजारी बसलेल्या जावेनं आपला हंडा ओढून घेतला आणि जागा केली. रागानं की कशानं, मला अजून कळलेलं नाही. पण जागा झाली.

पुढं काय झालं ते काही फार मोठं नाही. दोन दिवस काही घरांनी त्या झिऱ्याचं पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळे आले, दुसरं पाणी होतं कुठं. वस्तीतल्या बायका एका बाजूला बसत, गावातल्या दुसऱ्या बाजूला, पण पाणी एकच होतं. पाऊस पडेपर्यंत तसं चाललं. मग पाऊस झाला, नदी वाहिली, विहिरींना पाणी आलं आणि जो तो आपापल्या जागी परत गेला. त्या सकाळबद्दल गावात आता कुणी बोलत नाही.

शांताराम मात्र बदलला. नोकरी त्यानं सोडली नाही, कामही तसंच चोख करत होता, पण कामाबद्दल सांगताना तो पूर्वीचा फुललेला चेहरा पुन्हा कधी दिसला नाही. पुण्याहून सवड काढून तो नगरच्या कचेऱ्यांत खेटे घालू लागला, खालच्या वस्तीला विहीर मंजूर व्हावी म्हणून. वस्तीतली शिकलेली मुलं आधीपासून त्या मंजुरीच्या मागं लागलेली होती, हा त्यांच्याबरोबर बाकावर बसून राही. काही वर्षांनी विहीर झाली, पाणी लागलं, गोड लागलं. त्या दिवशी वस्तीनं त्याला बोलावणं धाडलं. तो आला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "कोणत्या तोंडानं जाऊ? पुन्हा शाल दिली तर काय करू मी?"

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, आवाज खोल गेला होता. सुशीला औषध आणायला बाहेर गेली होती. तो म्हणाला, "अक्का, खालच्या वस्तीत माझं कुणी विचारतं का?"

"विचारतात की," मी म्हटलं. खरंच विचारत होते.

"विचारू नये त्यांनी," तो म्हणाला आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

हे सगळं माझ्या मनात होतं आणि मी शोकसभेत बसले होते. आण्णा बोलायला उठले. म्हातारे झालेत आता. बोलता बोलता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, त्यात खोटं काही नव्हतं. ते म्हणाले, "एवढं मोठं मशीन नदीतून गेलं, पर आपल्या गावचा एक झिरा त्यांनी बुजू दिला न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मागं, लिंबाखाली, वस्तीतली चार माणसं उभी होती, त्यांनीही ते ऐकलं. हौसाबाई त्यांत होती. माझा भाऊ तिथं असता तर उठून निघून गेला असता. मला तेही जमलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ती घरी आली. या खेपेला ओसरीवर येऊन बसली. मी चहा ठेवला. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "इहिरीवर यायला पायजे हुतं त्यानं. आमी काय खाल्लं असतं व्हय त्याला?"

"लाजत होता तो," मी म्हटलं.

"ते कळत हुतं आमाला." मग ती माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "बाई, तुमास्नी वाईट वाटंल, पर खोटं न्हाई बोलायची. मानूस चांगला हुता. चूक पदरात घेतली त्यानं, या गावात तेबी कुनी करत न्हाई. पर आदी आमच्यावरनंच नेलं ना त्यानं. ते म्या इसरले न्हाई, इसरनार बी न्हाई."

"विसरू नका," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

तिनं चहा घेतला, कपबशी उचलून स्वतःच विसळायला निघाली. ती मी तिच्या हातातून काढून घेतली. तिनं घेऊ दिली. शांताराम गेल्यावर माझ्याकडं कितीतरी माणसं भेटायला आली, पण त्याच्याबद्दल खरं बोललेलं ते एकच माणूस. ती गेल्यावर मी पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

आता पुन्हा उन्हाळा आहे, नदीचं पात्र उघडं पडलंय. गेल्या पावसाळ्यातल्या पुरानंही शांतारामनं केलेली वाट वाहून नेली नाही. वरचा मुरूम थोडा गेला, झिरे उकरले होते तिथं दोन खळगे पडले, ते लोकांनी भरून घेतले. पुलाचा वळसा वाचतो म्हणून पलीकडच्या शेतांत जाणाऱ्या बैलगाड्या आता तिथूनच जातात. शांताराम स्वतः त्या वाटेवरून पुन्हा कधी गेला नाही, आमच्याकडं यायचा तो पुलावरून चालत यायचा. मीही आजवर पुलावरूनच शाळेत जात होते. परवा उशीर झाला होता, ऊन चढलं होतं. मागून आलेल्या गाडीवानानं बैल थांबवले आणि म्हणाला, "बसा बाई, पलीकडं सोडतो." नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. मी गाडीच्या कडेला घट्ट धरून बसले. गाडी उतरली, नदी ओलांडून पलीकडचा चढ चढली. बांधकामात शांतारामचा हात पहिल्यापासून चांगला होता… गाडीला कुठं एक हादरासुद्धा बसला नाही.